फोटोंची चळत वारंवार का विस्कटते: स्लाइड शोमधील एका नेहमीच्या अडचणीचे निवारण

बडोद्यातील मराठी घरांत एकसष्टी, सहस्रचंद्रदर्शन किंवा लग्नाचा सुवर्णमहोत्सव असला, की जुने फोटो पडद्यावर दाखवण्याची पद्धत आता चांगलीच रुळली आहे. एकामागून एक सरळ फोटो दाखवणे कोणालाही जमते. परंतु टेबलावर एकेक फोटो टाकत जावा, तो किंचित तिरका पडावा, आधीचे फोटो त्याच्या खालून डोकावत राहावेत आणि शेवटी सगळा पसारा एका दृष्टिक्षेपात दिसावा, असा इफेक्ट करायला घेतला की तक्रारी सुरू होतात. नवा फोटो जुन्याच्या खाली जातो, एखादा फोटो जागेवर बसल्यानंतर झटका देऊन सरकतो, पुढच्या स्लाइडवर चळतच नाहीशी होते, किंवा घरच्या संगणकावर सुरळीत चाललेली फाइल सभागृहात अडखळू लागते. त्यातही त्रासदायक गोष्ट अशी की दुरुस्ती टिकत नाही. आज सगळे बसवावे आणि उद्या मावशीने आणखी चार फोटो पाठवावेत, की घडी पुन्हा विस्कटते. पुढील विवेचन पॉवरपॉइंट धरून केले आहे. लिब्रेऑफिस इम्प्रेस या तशाच दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये मेनूंची नावे थोडी वेगळी आहेत, परंतु कारणे बहुतांशी तीच आहेत.

दुरुस्तीला हात घालण्यापूर्वी एक तपासणी करावी. स्लाइड शो बंद करून संपादनाच्या नेहमीच्या दृश्यात ती स्लाइड नीट पाहावी आणि स्वतःला विचारावे: सगळे फोटो येऊन पडल्यानंतर पडद्यावर जे दिसायला हवे, तेच आत्ता इथे दिसते आहे का? तेच दिसत असेल, तर दोष फक्त फोटो येण्याच्या रीतीत किंवा वेळेत आहे आणि तो किरकोळ आहे. तसे दिसत नसेल, म्हणजे संपादनात फोटो एका जागी आणि प्रत्यक्षात दुसऱ्या जागी, किंवा इथे वर आणि तिथे खाली असेल, तर मांडणीच चुकीच्या पायावर उभी आहे आणि वेळा बदलून काहीही साधणार नाही. संपादनातील स्थिर चित्र हेच चळतीचे अंतिम रूप असले पाहिजे आणि अ‍ॅनिमेशनने फोटोला फक्त तिथपर्यंत पोहोचवले पाहिजे. वर सांगितलेल्या तक्रारींपैकी निम्म्याहून अधिक तक्रारी हा नियम मोडल्यामुळे उद्भवतात.

नवा फोटो जुन्याच्या खाली जातो

प्रत्येक स्लाइडवर दोन स्वतंत्र क्रम असतात. एक थरांचा, म्हणजे कोणता फोटो वर आणि कोणता खाली; दुसरा वेळेचा, म्हणजे कोणता आधी येणार आणि कोणता नंतर. फोटो स्लाइडवर घातल्याबरोबर तो सर्वांत वरच्या थरात बसतो, तर अ‍ॅनिमेशन आपण लावून दिलेल्या क्रमाने चालते, आणि या दोहोंचा परस्परांशी काहीही संबंध नसतो. समजा, मुंजीचा फोटो आधी घातला, मग लग्नाचा घातला, आणि नंतर आत्याच्या ट्रंकेत आजोबांचा शाळेतील फोटो सापडला म्हणून तो शेवटी घालून अ‍ॅनिमेशनच्या यादीत सर्वांत पुढे नेला. तो फोटो पडद्यावर पहिला येतो हे खरे, परंतु थरांमध्ये तो सर्वांत वरच राहतो, आणि त्यानंतर येणारी मुंज व लग्न त्याच्या खाली सरकतात. पोळ्यांच्या चळतीत नंतरची पोळी आपोआप वर येते. स्लाइडवर असे आपोआप काही घडत नाही.

हे तपासण्याची खात्रीची रीत अशी. ‘होम’ टॅबवरील ‘अरेंज’मधून, किंवा आल्ट आणि एफ-१० या कळा एकत्र दाबून, ‘सिलेक्शन पेन’ (स्लाइडवरील वस्तूंची यादी दाखवणारी बाजूची चौकट) उघडावा, आणि त्याच वेळी ‘अ‍ॅनिमेशन्स’ टॅबवरून ‘अ‍ॅनिमेशन पेन’ही उघडावा. सिलेक्शन पेनमध्ये सर्वांत वर लिहिलेला फोटो सर्वांत वरच्या थरात असतो, तर अ‍ॅनिमेशन पेनमध्ये सर्वांत वर लिहिलेला फोटो सर्वांत आधी येतो. त्यामुळे चळत बरोबर असेल तर या दोन याद्या एकमेकींच्या नेमक्या उलट्या दिसल्या पाहिजेत. पुष्कळ लोक दोन्ही याद्या सारख्या करण्याच्या मागे लागतात, आणि मग प्रत्येक नवा फोटो आधीच्या फोटोच्या पाठीमागे लपत जातो.

याद्या जुळवताना एकेक फोटो वरखाली ओढत बसण्यापेक्षा एक सोपा उपाय आहे. पडद्यावर पहिल्यांदा येणाऱ्या फोटोपासून सुरुवात करून, वेळेच्याच क्रमाने प्रत्येक फोटो निवडावा आणि त्याला ‘ब्रिंग टू फ्रंट’ द्यावे. शेवटच्या फोटोपर्यंत पोहोचेपर्यंत सगळे थर आपोआप योग्य क्रमाने लागलेले असतात. नवीन फोटो मध्येच घालावा लागला, तर त्याच्यानंतर येणाऱ्या फोटोंपुरती ही फेरी पुन्हा करावी लागते.

या कामात ‘पिक्चर ७’, ‘पिक्चर २३’ अशी आयती नावे फार घोटाळा करतात. सिलेक्शन पेनमध्ये नावावर दोनदा क्लिक करून ‘०१ शाळा’, ‘०२ मुंज’, ‘०३ कमाटीबाग’ अशी नावे दिली, की तीच नावे अ‍ॅनिमेशन पेनमध्येही दिसू लागतात आणि याद्या जुळवणे पाच मिनिटांचे काम होते. एक आकडी क्रमांकाच्या आधी शून्य लिहायला विसरू नये. फाइलींची नावे देतानाही तीच शिस्त पाळावी, कारण कित्येक ठिकाणी १ नंतर १० आणि मग २ असा क्रम लागतो. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेल्या फोटोंच्या नावातील तारखेवर तर मुळीच विसंबू नये. ती तारीख फोटो काढल्याची नसते, त्यामुळे साठ वर्षांपूर्वीचा फोटो गेल्या मंगळवारच्या नावाने येऊन बसतो.

फोटो बदलायचा असेल, उदाहरणार्थ त्याच प्रसंगाची अधिक स्वच्छ स्कॅन केलेली प्रत मिळाली असेल, तर जुना फोटो पुसून नवा घालू नये. जुन्यावर उजवी क्लिक करून ‘चेंज पिक्चर’ निवडल्यास थर, जागा, कोन आणि अ‍ॅनिमेशन हे सर्व कायम राहते. फक्त दोन्ही प्रतींचे प्रमाण वेगळे असेल तर आकार एकदा पाहून घ्यावा. याच्या उलट, अ‍ॅनिमेशन दिलेले फोटो एकत्र निवडून त्यांचा ‘ग्रुप’ करण्याचा मोह टाळावा, कारण ग्रुप करताच प्रत्येक फोटोचे स्वतंत्र अ‍ॅनिमेशन निघून जाते. हलवायला सोपे जावे म्हणून केलेला एक ग्रुप सगळी संध्याकाळ वाया घालवू शकतो.

थर बरोबर असूनही एखादा फोटो चळतीतून मध्येच गायब होत असेल, तर त्या अ‍ॅनिमेशनच्या ‘इफेक्ट ऑप्शन्स’मधील ‘आफ्टर अ‍ॅनिमेशन’ ही नोंद पाहावी. तिथे ‘हाइड आफ्टर अ‍ॅनिमेशन’ किंवा ‘हाइड ऑन नेक्स्ट माउस क्लिक’ लागलेले असते आणि ते ‘डोन्ट डिम’ करायचे असते. एखादा फोटो सुरुवातीपासूनच पडद्यावर दिसत असेल, तर त्याला ‘एन्ट्रन्स’ (फोटो पडद्यावर आणणाऱ्या) प्रकारातील अ‍ॅनिमेशन दिलेलेच नसते.

फोटो जागेवर बसल्यानंतर झटका देऊन सरकतो

ही तक्रार सर्वांत जास्त गोंधळात टाकते, कारण दोष एका स्लाइडवर असतो आणि दिसतो पुढच्या स्लाइडवर. अनेक जण फोटो स्लाइडवर सरळ ठेवतात आणि तो तिरका व्हावा म्हणून ‘स्पिन’ देऊन पंधरा अंश फिरवतात, किंवा स्लाइडच्या बाहेर ठेवून ‘मोशन पाथ’ने, म्हणजे आखून दिलेल्या मार्गाने सरकवून, आत आणतात. स्लाइड चालू असेपर्यंत ते छान दिसते. परंतु स्लाइडची प्रत काढून चळत पुढे चालू ठेवली आणि तेथील जुन्या फोटोंची अ‍ॅनिमेशने काढली, की फोटो आपल्या मूळ जागी आणि मूळ कोनात परततात. प्रेक्षकांना मात्र असे दिसते की सगळा पसारा एकदम सरळ झाला किंवा फोटो स्लाइडबाहेर पळाले.

उपाय वर सांगितलेल्या नियमातच आहे. कोन अ‍ॅनिमेशनने देऊ नये; फोटो निवडून ‘फॉरमॅट पिक्चर’मधील ‘साइझ’खाली ‘रोटेशन’ या चौकटीत तो अंशांमध्ये लिहावा. उजवीकडे झुकणारा कोन ६ असा दिसतो आणि डावीकडे तेवढाच झुकणारा कोन ३५४ असा दिसतो, त्याला दचकू नये. मग फोटोला एन्ट्रन्स प्रकारातील असे अ‍ॅनिमेशन द्यावे, जे फोटोच्या खऱ्या जागेवर येऊनच संपते. ‘फ्लाय इन’ चालते, परंतु प्रत्येक फोटो एकाच बाजूने उडत आला तर कंटाळा येतो. माझ्या मते ‘मोअर एन्ट्रन्स इफेक्ट्स’मधील ‘बेसिक झूम’ आणि त्याच्या पर्यायांतील ‘आउट स्लाइटली’ सर्वांत चांगले: फोटो खऱ्या आकारापेक्षा थोडा मोठा प्रकट होतो आणि लहान होत आपल्या आकारावर थांबतो, त्यामुळे वरून हाताने टेबलावर टाकल्याचा भास होतो. त्यासाठी अर्धा सेकंद पुरतो. एक सेकंदाहून अधिक दिला तर फोटो तरंगत खाली आल्यासारखा वाटतो.

मोशन पाथ टाळण्याला आणखी एक कारण आहे. या मार्गाची लांबी स्लाइडच्या रुंदी-उंचीच्या प्रमाणात नोंदवलेली असते. १६:९ प्रमाणात तयार केलेली फाइल सभागृहातील जुन्या प्रोजेक्टरसाठी ४:३ केली, की फोटो एका प्रमाणात बदलतात आणि मार्ग दुसऱ्या प्रमाणात, आणि कष्टाने विखुरलेले फोटो भलत्याच ठिकाणी जाऊन थांबतात.

पुढच्या स्लाइडवर चळत नाहीशी होते

एका स्लाइडला मागच्या स्लाइडवर काय होते याची आठवण नसते. म्हणून पन्नास फोटोंची चळत करायची असेल, तर एक तर सगळे फोटो एकाच स्लाइडवर ठेवावे लागतात, किंवा प्रत्येक नव्या स्लाइडवर जुनी चळत आधीपासूनच मांडून द्यावी लागते. पहिला मार्ग सोपा वाटतो, पण पंधरा-वीस फोटोंच्या पुढे अ‍ॅनिमेशन पेनमध्ये काहीही शोधणे अशक्य होते आणि संगणकावर भारही पडतो. मी दुसराच मार्ग सुचवीन.

सहा ते आठ फोटो पडून झाले की त्या स्लाइडवर ‘डुप्लिकेट स्लाइड’ करावी. नव्या प्रतीवरील जुन्या फोटोंची सगळी अ‍ॅनिमेशने निवडून काढून टाकावीत, म्हणजे ते फोटो तिथे स्थिर राहतात, आणि मग त्यावर पुढचे फोटो घालावेत. या दोन स्लाइडींच्या मध्ये ‘ट्रान्झिशन’, म्हणजे स्लाइड बदलतानाचा इफेक्ट, मुळीच ठेवू नये. ‘फेड’ ठेवला तरी क्षणभर उजेड हलल्यासारखे होते आणि सांधा उघडा पडतो. ‘ट्रान्झिशन्स’ टॅबवर ‘ऑन माउस क्लिक’ची खूण काढून ‘आफ्टर’समोर ००:०० ठेवावे. शून्य वेळ दिली तरी त्या स्लाइडवरील अ‍ॅनिमेशने पूर्ण झाल्याशिवाय स्लाइड पुढे जात नाही, त्यामुळे फोटो तोडले जाण्याची भीती नसते. शेवटच्या फोटोनंतर थोडा विसावा हवा असेल, तर पुढील स्लाइडवरील पहिल्या फोटोला ‘डिले’ द्यावा. प्रत्येक फोटोची सुरुवात ‘आफ्टर प्रीव्हियस’ ठेवावी. एखाद्याच फोटोवर ‘ऑन क्लिक’ राहिले, तर चाललेला क्रम तिथेच थबकतो आणि सूत्रसंचालक गोंधळून दोनदा कळ दाबतात.

तिसऱ्या-चौथ्या प्रतीपर्यंत जुन्या फोटोंची संख्या वाढते आणि फाइल पुन्हा जड होऊ लागते. अशा वेळी खालची चळत गोठवून तिचे एकच चित्र करावे आणि ते पुढील स्लाइडची पार्श्वभूमी म्हणून वापरावे. येथे एक खाच आहे. पॉवरपॉइंटमधून स्लाइड पीएनजी चित्र म्हणून साठवली, तर नेहमीच्या १६:९ स्लाइडचे चित्र मुळात १२८० गुणिले ७२० पिक्सेलचेच निघते. ते १९२० गुणिले १०८० च्या पडद्यावर ताणले गेले, की खालची चळत धूसर आणि वर पडणारे नवे फोटो लखलखीत, असा विजोड प्रकार होतो. लोक याचा दोष प्रोजेक्टरच्या फोकसला देतात. गोठवलेले चित्र गिम्पसारख्या चित्र-संपादनाच्या प्रोग्रॅममध्ये पूर्ण १९२० गुणिले १०८० मापाने तयार करावे. नाहीतर शेवटची स्लाइड तेवढ्या मापाचा व्हिडिओ म्हणून काढून त्यातील स्थिर चौकट घ्यावी.

चळत एका जागी नीट रचलेली असून ती एकदम चहूकडे पसरायला हवी असेल, तर मात्र ‘मॉर्फ’ हे ट्रान्झिशन उत्तम आहे. पहिल्या स्लाइडवर फोटो मधोमध एकावर एक, तिच्याच प्रतीवर ते विखुरलेले, आणि दुसऱ्या स्लाइडला मॉर्फ. फोटो आपापल्या जागी सरकत जातात. एखादा फोटो सरकण्याऐवजी विरघळून पुन्हा उमटत असेल, तर दोन्ही स्लाइडींवर त्याचे नाव सारखे ठेवून नावाच्या सुरुवातीला दोन उद्गारचिन्हे द्यावीत, म्हणजे पॉवरपॉइंट त्या दोन वस्तू एकच समजते. मॉर्फ २०१९ पासूनच्या आवृत्त्यांत आणि मायक्रोसॉफ्ट ३६५ मध्ये तयार करता येते. त्याला न ओळखणाऱ्या जुन्या आवृत्तीत तेथे साधा फेड दिसतो. सभागृहातील संगणकावर कोणती आवृत्ती आहे हे ठाऊक नसेल, तर मॉर्फच्या भरवशावर राहू नये.

फोटो पडताना चित्र अडखळते

येथे थोडे गणित उपयोगी पडते. आजच्या मोबाइलचा १२ मेगापिक्सेलचा फोटो ४००० गुणिले ३००० पिक्सेलचा असतो. जेपीजी फाइल म्हणून तो चार-पाच एमबीचा दिसला, तरी पडद्यावर दाखवण्यासाठी उलगडला की प्रत्येक पिक्सेलला ४ बाइट या हिशेबाने सुमारे ४८ एमबी जागा घेतो. असे वीस फोटो एका स्लाइडवर असतील तर ते ९६० एमबी होतात, आणि त्यांना फिरवणे, सावली देणे व झूम करणे हे सगळे त्याच क्षणी चालू असते. साध्या लॅपटॉपने अडखळू नये तर काय करावे? तेच फोटो १२०० गुणिले ९०० पिक्सेलचे केले, तर वीस फोटो मिळून साधारण ८६ एमबीच भरतात.

गुणवत्ता कमी होईल ही भीती अनाठायी आहे. पॉवरपॉइंटची १६:९ स्लाइड १३.३३ इंच रुंद असते आणि फुल एचडी पडदा १९२० पिक्सेल रुंद असतो, म्हणजे एका इंचाला १४४ पिक्सेलच मिळतात. म्हणून ‘कॉम्प्रेस पिक्चर्स’मधील १५० पीपीआय (एका इंचाला १५० पिक्सेल) हा पर्याय अशा पडद्यासाठी पुरेसा आहे, फोर-के टीव्हीवर दाखवायचे असेल तरच ३३० चा विचार करावा. तेथील ‘अप्लाय ओन्ली टू धिस पिक्चर’ची खूण काढावी, म्हणजे सगळ्या फोटोंना ते लागू होते. कापलेले भाग कायमचे पुसण्याची खूण करण्यापूर्वी मूळ फाइलीची एक प्रत बाजूला ठेवावी, कारण नंतर बाजूला उभ्या असलेल्या काकांना पुन्हा फोटोत आणता येत नाही.

जुन्या छापील फोटोंच्या बाबतीत ४ गुणिले ६ इंचांची प्रत ३०० डीपीआयने (एका इंचाला ३०० ठिपके) स्कॅन केली तर १२०० गुणिले १८०० पिक्सेल मिळतात, आणि या कामाला तेवढे पुष्कळ झाले. ६०० डीपीआयने स्कॅन करून फायदा होतो तो फोटो दुरुस्त करणाऱ्याला, चळतीला नाही.

चौकट, कडा आणि सावली

पांढऱ्या चौकटीमुळेच चळतीतील प्रत्येक फोटो सुटा कळतो, म्हणून ती हवीच. परंतु पांढऱ्या पार्श्वभूमीवर पांढरी चौकट दिसत नाही. पार्श्वभूमी गडद किंवा मातकट ठेवावी. जाड रेषेची चौकट दिली की कोपरे गोल झालेले दिसतात, त्याचे कारण रेषांचा सांधा मुळात ‘राउंड’ असतो. ‘फॉरमॅट पिक्चर’मधील ‘लाइन’खाली ‘जॉइन टाइप’ ‘माइटर’ केला की कोपरे छापील फोटोसारखे टोकदार होतात. रेषेची जाडी पॉइंटमध्ये ठरलेली असते आणि फोटो लहानमोठा केल्याने ती बदलत नाही. हे सोयीचेच आहे, कारण सगळ्या फोटोंना सारखीच किनार राहते.

घरातील जुन्या अल्बममधील कृष्णधवल फोटोंना बऱ्याचदा मूळचीच पांढरी किनार असते, काहींची तर नागमोडी कातरलेली असते. त्यांना वरून आणखी चौकट देणे म्हणजे त्यांची शोभा घालवणे होय. असे फोटो किनारीसकट स्कॅन करावेत, किनारीबाहेरचा भाग पारदर्शक करून पीएनजी स्वरूपात ठेवावेत आणि फक्त सावली द्यावी. जेपीजीमध्ये पारदर्शकता नसते; तिथे कातरलेल्या किनारीभोवती पांढरा किंवा काळा चौकोन उरतोच.

तिरक्या केलेल्या फोटोच्या कडा पायऱ्यापायऱ्यांच्या दिसत असतील, तर फोटोभोवती एक-दोन पिक्सेलची पारदर्शक पट्टी ठेवून पीएनजी करावे. कडा चित्राच्या अगदी टोकावर न येता आत येते आणि मऊ दिसते.

सावलीची चूक सहज लक्षात येत नाही, परंतु पसारा खोटा वाटण्याचे ते एक मोठे कारण असते. दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये सावली चित्रातच भाजून घेतली आणि मग फोटो फिरवला, तर सावलीही त्याच्याबरोबर फिरते. चार-पाच अंशांत ते कळत नाही, परंतु आडवा स्कॅन झालेला फोटो ९० अंशांत फिरवला, की त्याची सावली उजवीकडे खाली पडण्याऐवजी भलतीकडेच पडते, आणि एका टेबलावर दोन दिवे असल्यासारखे दिसते. सावली फोटोत भाजू नये. सगळे फोटो योग्य कोनात आणल्यानंतर पॉवरपॉइंटमध्येच सर्वांना एकसारखी द्यावी. तीही हलकी असावी. फार पसरट आणि मऊ सावली संगणकाला जड जाते.

फोटो मुळातच आडवे पडलेले येत असतील, तर मोबाइलने फोटो न फिरवता फक्त ‘हा फिरवून दाखवा’ अशी एक्झिफ नोंद (फोटोच्या फाइलीतच साठवलेली माहिती) ठेवलेली असते आणि ती नोंद प्रत्येक प्रोग्रॅम वाचत नाही. असा फोटो एकदा एखाद्या संपादकात उघडून, खरोखर फिरवून पुन्हा साठवावा. आयफोनचे एचईआयसी स्वरूपातील फोटो उघडत नसतील तर ते जेपीजी करून घ्यावेत.

पसारा बनावट दिसतो, आणि चेहरे झाकले जातात

फोटो डावीकडे पाच अंश, उजवीकडे पाच अंश, पुन्हा डावीकडे पाच, असे फिरवले तर तो पसारा न राहता कवायत होते. कोनांत मोठे-लहान, आणि मधूनच जवळजवळ सरळ, असे मिश्रण हवे: डावीकडे ६, उजवीकडे ३, डावीकडे ११, उजवीकडे १, उजवीकडे ८, डावीकडे ३. सलग दोन फोटो एकाच बाजूला झुकले तरी बिघडत नाही, उलट तेच स्वाभाविक दिसते. बारा अंशांच्या पुढे शक्यतो जाऊ नये. ज्या फोटोत उभ्या रेषा ठळक आहेत, उदाहरणार्थ १८९० मध्ये पूर्ण झालेल्या लक्ष्मीविलास राजवाड्याचा मनोरा किंवा कीर्तिमंदिराचे शिखर, तेथे तीन-चार अंशही पुरतात. नाहीतर फोटो तिरका न वाटता इमारतच कलल्यासारखी वाटते.

फोटो फिरवला की तो अधिक जागा व्यापतो, हेही ध्यानात ठेवावे. ६ गुणिले ४ इंचांचा फोटो १० अंश फिरवला तर त्याला जवळजवळ ६.६ गुणिले ५ इंच जागा लागते. स्लाइडच्या कडेला ठेवलेल्या फोटोंचे कोपरे कापले जातात ते यामुळे.

परंतु या सगळ्यापेक्षा जास्त तक्रार येते ती चेहरे झाकले जाण्याची, आणि ती तंत्राची नसून मांडणीची आहे. “अरे, मी आले आणि लगेच माझ्यावर दुसरा फोटो टाकलास की!” हे वाक्य एखादी आत्या सगळ्यांसमोर म्हणणारच. चळतीत खालचा फोटो झाकला जाणे अपरिहार्य आहे. म्हणून काय झाकायचे हे आधी ठरवावे. प्रत्येक फोटोत चेहरे नसलेला भाग कोणता हे पाहावे (आकाश, सुरसागरचे पाणी, मांडवाची कनात, रिकामी भिंत) आणि पुढचा फोटो त्या बाजूवर येईल असा ठेवावा. लग्नातील चाळीस जणांचा एकत्र फोटो चळतीच्या तळाशी कधीही घालू नये. तो शेवटी, मोठा आणि जवळजवळ सरळ यावा. चार-पाच फोटोंनंतर पसाऱ्याचा मध्य थोडा सरकवावा, म्हणजे सगळे फोटो एकाच ठिकाणी साचत नाहीत. आणि दोन फोटोंमध्ये किमान तीन सेकंद जाऊ द्यावेत. वयस्कर मंडळींना चेहरा ओळखून शेजारच्याला त्याचे नाव सांगायला तेवढा वेळ लागतो.

घरी बरोबर, सभागृहात बिघडलेले

१०२४ गुणिले ७६८ पिक्सेलचे ४:३ प्रोजेक्टर अजूनही काही सभागृहांत आढळतात. १६:९ ची स्लाइड तेथे १०२४ गुणिले ५७६ एवढ्याच जागेत दिसते, वरखाली काळ्या पट्ट्या येतात आणि फोटो लहान होतात. हे सहन करण्यासारखे आहे. पट्ट्या घालवण्यासाठी कोणी प्रोजेक्टरवर चित्र ताणण्याची सोय चालू केली, तर मात्र सगळे नातेवाईक उंच आणि सडपातळ दिसतात. ती सोय लगेच बंद करायला सांगावी. प्रोजेक्टर ४:३ आहे हे आधी कळले असेल, तर फाइलच ४:३ मध्ये बनवावी, तयार झालेली फाइल बदलू नये.

दुसऱ्याच्या संगणकावर चालवायचे असेल तर ‘क्रिएट अ व्हिडिओ’ वापरून एमपी४ काढणे सर्वांत सुरक्षित, कारण त्यात आवृत्तीचा, फाँटचा किंवा अडखळण्याचा प्रश्नच राहत नाही. काढण्यापूर्वी प्रत्येक स्लाइडच्या वेळा वर सांगितल्याप्रमाणे लावलेल्या असाव्यात, नाहीतर ज्या स्लाइडवर वेळ दिलेली नाही तिला पॉवरपॉइंट मुळात ५ सेकंद धरते आणि चळतीचा वेग जागोजागी बदलतो. तयार व्हिडिओ पेनड्राइव्हवरून टीव्हीवर लावताना काही टीव्ही चित्राच्या चारही कडा थोड्या कापतात. टीव्हीच्या चित्राच्या सेटिंगमध्ये पूर्ण चित्र दाखवण्याचा पर्याय असतो, तो निवडावा. तो सापडला नाही तर अडचण नको म्हणून फाइल बनवतानाच कडेच्या साधारण पाच टक्के पट्टीत कोणाचाही चेहरा येऊ देऊ नये. पेनड्राइव्हवर व्हिडिओबरोबर मूळ पॉवरपॉइंट फाइलही ठेवावी, कारण कार्यक्रमाच्या सकाळी आणखी एक फोटो हमखास येतो, आणि तो घातल्यावर सिलेक्शन पेनपासूनची फेरी पुन्हा करून व्हिडिओ नव्याने काढावा लागतो.